मरणाचा गाडीवान

मेखेलेन, संत बावोचा दिवस, १५७०

योसदादा,

तुझं पत्र वाउटर तांडेलाने मासळीच्या पिंपाआड उभं राहून हळूच दिलं. कागदाला हेरिंगचा वास येत होता, तरी मी तो नाकाला लावला. इतक्या वर्षांत तुझं अक्षर तसूभरही सुधारलं नाही हे बघून बरं वाटलं. पोरीला माझं नाव ठेवलंस हे मात्र आत्ता कळवतोस? आधी लिहायला काय हात मोडला होता तुझा?

राजाने नव्या पंथाच्या लोकांना माफी जाहीर केली, आता एम्डेनमध्ये परक्यासारखं का राहायचं, थंडीच्या आत बायकोपोरीला घेऊन निघतो, असं तू लिहितोस. माफीचं खरं आहे. चौकात मांडव घालून वाचून दाखवली. मांडवाच्या चारी बाजूंना भालेवाले उभे होते, त्यामुळे टाळ्या जोरात पडल्या. पण तू घाई करू नकोस. कालव्यांवर नाव मिळत नाही, रस्त्यात ताप पसरलाय, पोर लहान आहे. वसंतात बघू.

बाबा ठीक आहेत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, पण ते म्हणतात की शहरातच धुकं वाढलंय. चित्रातली अंगं, कपडे, झाडं ते अजून सवयीने रंगवतात. चेहरे मी काढते. बाहेर कोणाला सांगत नाही. तुझं नाव घरात निघत नाही. "तुम्ही बाहुल्या रंगवता आणि लोकांना त्यांच्या पाया पडायला लावता," असं बोलून दार आपटून गेलास, तेव्हापासून बाबांनी ते नाव तोंडातून काढून टाकलंय. मी एकदा चुकून "दादाचा कुंचला" म्हणाले तर बाबा म्हणाले, "कुठला दादा? माझ्या घरात कुंचले फक्त दोघांचे."

तुझ्या खोलीत सध्या एक स्पॅनिश कप्तान राहतो. सालसेदो त्याचं नाव. आपण बोलावलेला पाहुणा नव्हे, फौजेने लादलेला. सोबत ब्रियांदा नावाची बाई आहे. ती त्याची कोण हे विचारायची सोय नाही. ती आपल्या चुलीवर हक्काने रांधते आणि घराला उठल्याबसल्या लसणाचा वास येतो. बाई बोलकी आहे. आपली भाषा मोडून मोडून बोलते, आणि मोडलेल्या भाषेतच हसते.

चिताऱ्यांच्या संघाने ठरवलंय की संत लूकच्या सणाला कप्तानाला एक मोठं चित्र नजर करायचं, म्हणजे तो आपल्या लोकांच्या घरातून शिपाई हलवेल. बाबांनी गेली तीन वर्षं स्वतःच्या समाधानासाठी काढलेलं एक चित्र आहे, तेच द्यायचं ठरलं. मरणाच्या स्वारीचं आहे. त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.

तू येऊ नकोस. म्हणजे लगेच येऊ नकोस, एवढंच.

तुझी डिग्ना

मेखेलेन, संत डेनिसचा दिवस

दादा,

आधीचं पत्र अजून माझ्याकडेच आहे. फौजेने वाउटरची नाव घोड्यांचे ओट वाहायला धरून नेली. तो धक्क्यावर बसून शिव्या देतो, हळू आवाजात. नाव सुटली की दोन्ही पत्रं एकदम देईन म्हणते. तोवर ती सरसाच्या भांड्याखाली ठेवलीत. कप्तानाला आपली लिपी येत नाही, पण ज्यांना येते असे लोक त्याच्याकडे जेवायला येतात.

मागच्या वेळी तापाचं, नावेचं जे लिहिलं ती सगळी टोलवाटोलवी होती. आता खरं लिहिते.

ते चित्र असं आहे. जळून गेलेल्या गावांमधून मरणाची फौज आपल्या वेशीकडे येतेय. सांगाड्यांनी छातीला चिलखतं बांधलीत, खांद्यावर भाले आहेत, रांगा अगदी सरळ. पुढे लढाई चाललीय. बाबांनी तिला बाईचं रूप दिलंय: जाडजूड, कमरेला किल्ल्या, काखेत चोरलेली कोंबडी, हातात डाव. लढाई म्हणजे मरणाची स्वयंपाकीण. मधोमध एक गाडी आहे आणि तिच्यावर मरण उभं आहे, एक हात वर करून. समोर कुरणात आपलं सगळं गाव गोळा झालंय.

काल ब्रियांदा चित्रशाळेत शिरली. त्या स्वयंपाकिणीकडे बघून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ही मी काय गं? डाव तर माझाच आहे. कोंबडी मात्र मी विकत आणते हो!" मी हसले. मग ती गर्दीकडे बघत राहिली. खूप वेळ बघत राहिली, आणि म्हणाली, "पण ही माणसं भ्यालेली नाहीत, पोरी."

"म्हणजे?"

"मरण आलं की माणूस पळतो, ओरडतो, तोंड लपवतो. ही तोंड उघडं टाकून बसलीत. आमच्या गावात उपासाच्या दिवसांत साधू प्रवचन द्यायला आला की आम्ही असेच बसायचो. ही ऐकतायत."

माझ्या हातातला कुंचला खाली पडला. ती उचलून देत म्हणाली, "काय झालं? चूक काढली म्हणून राग आला?"

दादा, ती माणसं ऐकतच होती. चार वर्षांपूर्वी वेशीबाहेरच्या कुरणात नव्या पंथाचं प्रवचन झालं, त्या दिवशी बाबा तुला कानाला धरून घरी आणायला म्हणून तिकडे गेले होते. तुला ठाऊक नाही. ते कुंपणाआड उभे राहिले, आणि त्यांचे हात रिकामे राहू शकत नाहीत हे तुला माहीत आहे. कोळशाने त्यांनी सगळ्यांना उतरवून घेतलं. पाववाला पाउवेल्स, सुईण बार्बेल, लेस विणणाऱ्या त्या तिघी बहिणी. पुढे हे चित्र मांडलं तेव्हा तीच रेखाटनं वापरली. प्रवचनकाराच्या जागी मरण उभं केलं, बाकी गर्दी जशीच्या तशी. माझ्या हातात ते कागद देऊन म्हणाले, "चेहरे यातून घे. यापेक्षा जिवंत तोंडं मला पुन्हा मिळाली नाहीत." मी घेतले. कोणाचं काय जाणार, चित्र आपल्या चित्रशाळेत भिंतीला टेकून राहणार असं वाटलं होतं.

आता ते फौजेच्या ठाण्यावर, कप्तानाच्या जेवणघरात लागणार. त्याच्याकडे जेवायला येणाऱ्यांपैकी निम्मे आपल्याच गावचे आहेत, आणि त्यांना या तोंडांची नावं पाठ आहेत.

आणि गाडी. प्रवचनकाराला कोणी आणलं, कोणी नेलं, हे अजून विचारलं जातं. नुसतं ऐकायला गेलेल्यांना माफी आहे. त्याला आणणाऱ्याला नाही. एका साक्षीदाराने एवढंच सांगितलंय की गाडीच्या डाव्या अंगाला पिंपाची फळी ठोकलेली होती. मागच्या हिवाळ्यात त्या गाडीवानाचं नाव काढून घ्यायला त्या गर्दीतल्या लाम्ब्रेख्ट चांभाराला धरलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. तो परत आला नाही. चित्रातली तोंडं ओळखली तर त्यांनाही तेच विचारतील.

ती फळी कोणी ठोकली, दादा? तूच ठोकलीस, आपल्याच अंगणात, अंगठ्यावर हातोडी मारून घेत. बाबांनी चित्रात ती गाडी काढलीय, फळीसकट. आणि मला म्हणाले, "गाडीवानाला तोंड दे."

मी विचारलं, "कोणाचं?"

"तुला ठाऊक आहे कोणाचं."

म्हणून मी तुझं तोंड काढलं. आठवणीतून. कपाळावरचा तो उभा राहणारा केसांचा भोवराही काढला, जो बाबांनाही आहे आणि मी टोपीखाली दडपते. मरणाची गाडी तू हाकतो आहेस. बाबांनी ते रागाने करवून घेतलं की कशाने, हे मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

म्हणून म्हणते, येऊ नकोस. तू आल्यावर लोक आधी तुझ्याकडे बघतील आणि मग भिंतीकडे.

डिग्ना

मेखेलेन, संत लूकच्या आधीचा रविवार

दादा,

नाव अजून सुटलेली नाही. लिहिल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहिते.

आज दाढ दुखते म्हणून प्रार्थनेला गेले नाही. बाबा, कप्तान, ब्रियांदा, सगळे गेले. मी चित्रशाळेचं दार लावून गर्दीतलं एकेक माणूस मारायला बसले.

चेहऱ्यांवर कवट्या काढायच्या, असं मी ठरवलं होतं. पण तेलाचा रंग आठवडाभर ओला राहतो, वास मारतो, बोट लावलं की चोरी उघडी. चित्र बुधवारी जाणार. मग मी केलं ते मेखेलेनची बाईच करील. आपल्या हाताला लहानपणापासून कापडावरच्या सरसाच्या रंगाची सवय. घाई झाली की हात आपोआप सरसाच्या भांड्याकडे जातो. सफेदा सरसात कालवला. तो तेलकट पृष्ठावर धरत नाही, म्हणून आधी तिथे लसूण चोळला. लसूण ब्रियांदाच्या माळेतला. फौजेचा लसूण फौजेच्याच डोळ्यात, असं मनात आलं आणि एकटीच हसले.

पाउवेल्सला मारलं. बार्बेलला मारलं, तिनेच तुला आणि मला या जगात ओढून काढलं होतं. तिघी बहिणींना मारताना तिसरी कुठली हे आठवेना, कारण पहिल्या दोघींच्या कवट्या सारख्याच दिसत होत्या. ज्यांना जगवायचं त्यांनाच मारत बसले होते, आणि बाहेर घंटा वाजत होती. सर्वांत शेवटी तू. तुझ्या डोळ्यांवर पांढरा रंग लावताना मी तोंडाने म्हणाले, "दादा, मीट." वेडीच झाले असेन.

पाण्याच्या रंगाला पाण्याचीच भीती. ओलं बोट लागलं की तो उतरतो. पण वरून रोगणाचा हात बसला की मग काळजी नाही. मी बाबांना म्हटलं, "रोगण मी लावते, तुम्हाला वाकवत नाही."

ते म्हणाले, "शेवटचा हात उस्तादाचा. बुधवारी सकाळी मी लावीन. आधी ओल्या स्पंजाने पुसून घेईन."

"मी पुसलंय."

"तू पुसलंयस ते मला माहीत आहे," असं म्हणून त्यांनी नाकाने वास घेतला. "आज स्पॅनिश स्वयंपाक चित्रशाळेपर्यंत चढलेला दिसतोय."

संध्याकाळी ब्रियांदा माळ हातात धरून आली. "माझे दोन गड्डे कुठे गेले?" मी काही बोलायच्या आत तिने चित्राकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "त्या दिवशीची माणसं कुठे गेली गं?"

"मेली," मी म्हणाले.

मग माझा हात उचलून तिने बोटं हुंगली, दादा. माझी बोटं! मला वाटलं, आता ही ओरडणार. ती म्हणाली, "लिंबू चोळ. वास जात नाही सहजी." आणि खाली निघून गेली. ती कप्तानाला सांगेल की नाही, मला सांगता येत नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की मी कान देते. तिचं पाऊल आणि त्याचं पाऊल यांतला फरक मला आता पाठ झालाय.

बुधवारी बाबांच्या आधी उठायचं आणि स्पंज लपवायचा, एवढंच डोक्यात आहे.

डिग्ना

मेखेलेन, संत सायमनच्या सणाचा आदला दिवस, शुक्रवार

दादा,

हे तुला मिळणार नाही. म्हणूनच सगळं लिहिते. उद्याच्या आत हे आणि आधीची तिन्ही चुलीत जातील. लिहायला मला दुसरं कोणी नाही.

त्या बुधवारी, संत लूकच्या सणाला, मी उठले तेव्हा बाबा माझ्या आधी उठलेले होते. चित्रशाळेचं दार उघडं होतं. ते चित्रासमोर तिपाईवर बसले होते, मांडीवर पाण्याची वाटी. मी धावत गेले. गर्दी शाबूत होती. पाउवेल्स मेलेला, बार्बेल मेलेली, सगळी कवटी होऊन बसलेली. बाबांनी एकच तोंड धुतलं होतं. गाडीवानाचं.

"बाबा, काय केलंत हे?"

"ओरडू नकोस. रविवारी बोट फिरवलं तेव्हाच कळलं. तेलाचा रंग गुळगुळीत असतो, हा खडूसारखा लागला. तू केलंस ते बरोबर केलंस. बाकीच्यांना हात लावलेला नाही."

"मग याला का?"

त्यांनी तोंड इतकं जवळ नेलं होतं की नाकाला रंग लागला होता. म्हणाले, "आज हे घरातून जाणार. जायच्या आधी एकदा बघायचं होतं. बघून झालं की तू पुन्हा लाव, सरस गरम ठेवलाय मी." चार वर्षांत पहिल्यांदा ते तुझ्याविषयी बोलत होते आणि तरीही तुझं नाव घेत नव्हते.

मी सरसाची वाटी उचलली. कुंचला भिजवला. तेवढ्यात जिन्यावर पाऊल वाजलं, आणि ते ब्रियांदाचं नव्हतं.

कप्तान हमालांना घेऊन आला होता, वेळेच्या आधी. खुशीत होता. फौजेची सरळ रांग बघून टाळी वाजवली, स्वयंपाकीण बघून खदखदा हसला. मग बोट पुढे केलं. "उस्ताद, सगळे मेले. हा एकच जिवंत? हा कोण?"

बाबांनी सावकाश टोपी काढली.

"डोळे माझे गेलेत की तुमचे, कप्तानसाहेब? नीट बघा." पांढरा झालेला तो भोवरा कपाळावर तसाच उभा होता. "चितारी आपल्या चित्रात कुठेतरी स्वतःला बसवतो, ही आमच्याकडची रीत आहे. कोणी मेंढपाळ होतो, कोणी राजाच्या मागे उभा राहतो. मी गाडीवान झालो. तरुणपणचं तोंड काढलं, म्हाताऱ्याची एवढी हौस चालवून घ्या."

कप्तान हसला. एकदा चित्राकडे, एकदा बाबांकडे बघत हसला, आणि मला वाटलं, सुटलो. मग त्याची नजर गाडीवर गेली. फळीवर गेली. तोंडं झाकली, पण फळी झाकायचं मला सुचलंच नव्हतं. तो खिडकीपाशी गेला आणि खाली अंगणात बघत राहिला. आपली गाडी तिथेच उभी असते, दादा. तिच्यावर आम्ही अजून चुना आणतो.

वळला तेव्हा तो हसत नव्हता. "ही रीत फक्त तोंडापुरती, की गाडीचीही?"

"मी जे पाहतो ते काढतो," बाबा म्हणाले.

"चार वर्षांपूर्वी कुरणात ती गाडी कोणी नेली?"

"माझी गाडी दुसरं कोण नेणार? पोरगा तेव्हा इथे नव्हताच. त्याआधीच माझ्याशी भांडून गेला. सगळ्या गल्लीने ते भांडण ऐकलंय, कोणालाही विचारा."

मी ओरडले, "खोटं आहे, त्यांना दिसत नाही, ते म्हातारे आहेत!" बाबा माझ्यावर खेकसले, "गप्प बस. शेवटचा हात उस्तादाचा."

नंतर शहराचे चौकशीवाले आले. दिवा आधी चित्राला लावला, मग बाबांच्या तोंडाला. नाक तेच, भोवरा तोच. कोणाला शंका आली नाही. मी कसं काढलंय ते तोंड, दादा, की कोणाला शंकाच येऊ नये! ब्रियांदा दारात उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं. कप्तानाने तिला स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. तिने खांदे उडवले आणि एवढंच म्हणाली की मला चित्रातलं काही कळत नाही, मी स्वयंपाकीण.

चित्र चौकशीसाठी ब्रसेल्सला नेलं. जाण्याआधी संघाच्या लोकांनी त्यावर रोगण चढवलं, प्रवासात खराब होऊ नये म्हणून. म्हणजे पाउवेल्स, बार्बेल, तिघी बहिणी आता कायमचे मेले, आणि वाचले. बार्बेल काल आपल्या दारावरून गेली. तिला काही माहीत नाही. तिने मला विचारलं, पोरी, तू इतकी पांढरी का पडलीस?

आज वेशीच्या बुरुजात कोंडलेल्या बाबांना सूप घेऊन गेले. ब्रियांदाने केलं होतं, लसूण घालून. बाबांनी चव घेतली आणि म्हणाले, "आता याची सवय झाली होती." मी म्हटलं, मी दादाला कळवते, तो येईल, तो सांगेल. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"कळलं तर तो येणारच. माझ्याइतकाच गाढव आहे तो. तुला शपथ आहे, कळू देऊ नकोस. उद्या बाजाराच्या दिवशी चौकात माझं जे व्हायचं ते होईल, पण तो आला तर मी फुकट जाईन."

मी निघाले तेव्हा अंधारातून बाबांनी विचारलं, "डिग्ना, तू काढलं होतंस ना ते तोंड. कसं होतं?"

"म्हणजे? तुम्ही पाहिलंत ना?"

"धुतलं, पण दिसलं नाही. नुसता उजेडाचा एक ठिपका दिसला. सांग ना. योस कसा दिसत होता?"

मी सांगितलं. नाक, भोवरा, हनुवटी, सगळं सांगितलं. हसत होता म्हणून सांगितलं. मी तुला हसरा काढलेला नव्हता.

खाली वाउटर थांबलाय. त्याची नाव आज सुटली, भरतीबरोबर निघेल. त्याला द्यायचं पत्र अजून लिहायचंय. मला भीती वाटते, दादा. उद्याची वाटते, आणि त्याहून तुझी वाटते, की तुला त्या पत्रातलं खोटं ओळखता येईल. लहानपणी तू माझं खोटं नेहमी ओळखायचास.

डिग्ना

मेखेलेन, शुक्रवार

योस,

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक आहे. तू येणार म्हणून बाबांना वाचून दाखवलं. ते अजून विसरलेले नाहीत. म्हणाले, त्याला सांग, इथे येऊ नकोस, आलास तर दार उघडणार नाही. मलाही वाटतं, आता तुझं घर तिकडे आहे. पुन्हा लिहू नकोस, पत्रं आणणाऱ्याला त्रास होतो.

बाबांना तुझं तोंड पाहायचं नाही.

डिग्ना